उत्तरावरून प्रश्न

फेब्रुवारी लागला की आमच्या शाळेतले दहावीचे वर्ग एकाएकी शांत होतात. वर्षभर बाकं वाजवणारी मुलं प्रिलिमचा निकाल हातात पडला की मान खाली घालून बसायला लागतात. खिडकीबाहेर आंब्याला मोहोर आलेला असतो, त्याचा वास वर्गात शिरतो, आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर बाकांवर बारीक तपकिरी फुलं येऊन पडतात. मुली ती फुंकर मारून उडवतात आणि पुन्हा वह्यांत डोकं घालतात. अशा एखाद्या दुपारी मी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिते. हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ. नालासोपाऱ्याच्या या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला सहा-सात वर्षं झाली. हा धडा मी न बघता शिकवू शकते, पण मुलांना प्रश्न करायला सांगून झालं की मी थोडी खिडकीशी जाऊन उभी राहते. त्यांना वाटतं, बाईंना उकडतंय.

माझ्या स्वतःच्या दहावीच्या वर्षी याच धड्याने मला रडवलं होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही गोखिवऱ्याला राहायचो, नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका चार मजली इमारतीत. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. बाबा वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. इमारतीच्या मागे तेव्हा अजून भातखाचरं होती. आईला शेजारणीचं बोलणं समजायचं नाही आणि शेजारणीला आईचं, पण दोघींचं वाळवण एकाच गच्चीवर असायचं. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून. त्यामुळे ती भाषा आम्ही गणितासारखी शिकलो, सूत्रं पाठ करून. प्रिलिमला इंग्रजीत मी नापास झाले. बाकी सगळ्या विषयांत बरे गुण, आणि इंग्रजीच्या रकान्यात लाल रेघ.

बाबा चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांच्या कारखान्यात पापडी गावचा एक फिटर होता. त्याने सांगितलं, आमच्या गावात फिलोमिना टीचर आहेत, रिटायर झाल्यात, पण निवडक मुलं घेतात. पुढच्याच रविवारी बाबा मला घेऊन पापडीला गेले.

गोखिवऱ्याहून स्टेशनपर्यंत चालत, रूळ ओलांडून पश्चिमेला, आणि तिथून एसटी. पूर्वेची धूळ आणि भट्ट्यांचा धूर संपून एकदम केळीच्या बागा लागायच्या. विहिरींवरचे पंप चालू असायचे, रस्त्यावर अबोलीचे गजरे करत बसलेल्या बायका दिसायच्या. मला तर वाटलं आपण दुसऱ्याच जिल्ह्यात आलो. टीचरचं घर वाडीच्या मधोमध होतं. पुढे ओटा, ओट्यावर लांब बाक, भिंतीवर क्रूस आणि त्याच्याखाली एका तरुणाचा जहाजाच्या कठड्याला टेकून काढलेला फोटो. मी बघतेय हे टीचरच्या लक्षात आलं. "डेनिस. माझा मुलगा. जहाजावर असतो," त्या म्हणाल्या, आणि लगेच मला समोर बसवून विचारलं, "कुठं अडतं?"

मी पुस्तक उघडून दाखवलं. बोर्डाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. एक वाक्य दिलेलं, त्यातल्या एका शब्दाखाली रेघ. रेघ मारलेला शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न आपण तयार करायचा. राम काल मुंबईला गेला. 'काल'खाली रेघ असेल तर व्हेन, 'मुंबई'खाली असेल तर व्हेअर. एवढं मला कळायचं. पुढचं सगळं कोसळायचं. मी लिहायची, व्हेन राम वेन्ट.

"मराठीत आपण 'राम केव्हा गेला' म्हणतो," टीचर म्हणाल्या. "केव्हा टाकलं की काम झालं, बाकी वाक्य जागच्या जागी. इंग्रजीत तसं नाही. इथं आधी 'डिड'ला बोलवावं लागतं. आणि डिड आला की भूतकाळ तो स्वतःकडे घेतो. मग वेन्टचं परत गो होतं. व्हेन डिड राम गो."

टीचर साठीच्या घरात होत्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. शिकवताना आवाज कधी चढायचा नाही. चूक झाली की त्या लाल पेनाने गोल करायच्या आणि वही परत करायच्या; काय चुकलं ते आपण शोधायचं. त्यांचे यजमान इनासकाका वाडीत काम करत असायचे. खाकी हाफ पँट, बनियन, हातात कोयता किंवा पाण्याची नळी. ते आमच्याशी फारसं बोलायचे नाहीत. घरात त्यांची जुन्या गावकऱ्यांची बोली चालायची, ती मला निम्मीच कळायची. इंग्रजी त्यांना अजिबात येत नव्हतं. पोस्टमनने एखादा इंग्रजी कागद आणला की ते मातीचे हात पुसून तो टीचरच्या मांडीवर ठेवायचे आणि तिथेच उभे राहायचे. टीचर वाचून, त्यांच्या बोलीत सांगायच्या. गावातल्या कितीतरी घरांचे अर्ज आणि जहाज कंपन्यांची पत्रं टीचरच लिहून द्यायच्या.

आठवड्यातून तीन दिवस मी जायला लागले. पंधरा दिवसांत डिड जागेवर बसला. मग टीचर जोडीने सराव घ्यायच्या. मी आणि गावातली दोन मुलं एकमेकांना प्रश्न विचारायचो. व्हेअर डू यू लिव्ह, व्हॉट डज युवर फादर डू. आपल्या तोंडातून पूर्ण इंग्रजी प्रश्न निघतो आणि समोरच्याला तो समजतो, याचा आनंद मला इतका व्हायचा की परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात कंडक्टरला प्रश्न विचारत यायची.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका बुधवारी मी गेले तेव्हा ओट्यावर बरीच माणसं बसली होती. मोहोराचा वास तसाच होता, पंप मात्र बंद होता. वाडीत मी तो बंद असलेला पहिल्यांदाच पाहिला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका बाईंनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. "घरी जा बाळा. डेनिस गेला."

आफ्रिकेच्या बाजूला कुठंतरी त्याचं जहाज होतं. एका सकाळी तो जहाजावर सापडला नाही. दोन दिवस शोधलं आणि मग जहाज पुढे निघालं. जहाज कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाच्या ऑफिसातून आधी शेजाऱ्यांकडे फोन आला आणि मग पत्र आलं. हे मला बाबांच्या कारखान्यातल्या त्या फिटरकडून कळलं. देह मिळालाच नव्हता.

रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. बाबा, आई आणि मी गेलो. आई पहिल्यांदाच चर्चमध्ये पाऊल ठेवत होती; चपला काढाव्यात की नाही हे तिला कळेना, तिने काढल्या आणि अनवाणीच आत आली. पुढे शवपेटी नव्हती. एका टेबलावर तोच कठड्याला टेकलेला फोटो होता, भोवती पांढरी फुलं. टीचर पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. इनासकाकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते सारखे मागे वळून दाराकडे बघत होते. आई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मातीच नाही गं द्यायला. काय करायचं माणसानं?"

त्यानंतर मी दोन आठवडे गेले नाही. परीक्षा तोंडावर आली होती, पण इंग्रजीचं पुस्तक उघडवत नव्हतं. शेवटी आईच म्हणाली, "अभ्यासाला नको, नुसती भेटून तरी ये." तिने डब्यात पुरणपोळ्या दिल्या, मग तिला वाटलं दुःखाच्या घरी गोड कसं न्यायचं, म्हणून त्या काढून भाकऱ्या आणि पिठलं दिलं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. टीचर ओट्यावर एकट्याच होत्या. समोर लिहायचं पॅड, पेन, आणि चुरगळलेले चार-पाच कागद. प्रत्येकावर वर 'डिअर सर' लिहिलेलं आणि पुढे काही नाही.

"बस," त्या म्हणाल्या. मग एजंटाचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. "वाच."

मी वाचलं. अर्थ लावत लावत, बोट ठेवून. आपला मुलगा जहाजावर आढळून आला नाही. शोध घेण्यात आला. खेद व्यक्त करण्यात येत आहे.

"यातला कर्ता सांग," टीचर म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. सगळी वाक्यं पॅसिव्ह होती. शोध कोणी घेतला, खेद कोणाला झाला, काही नव्हतं.

"नाही ना?" त्या म्हणाल्या. "आयुष्यभर पोरांना शिकवलं की कर्ता महत्त्वाचा नसेल तर पॅसिव्ह वापरा." त्यांनी पत्र उलटं करून ठेवलं. "मला जहाजावरच्या लोकांना विचारायचंय. आजवर गावाची इतकी पत्रं लिहिली मी. हे लिहायला बसले की हात पुढं जात नाही. वैशाली, प्रश्न तू लिही. मी तपासते."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी पॅड मांडीवर घेतलं. त्या मराठीत सांगायच्या आणि मी इंग्रजीत करायची.

"तो कसा पडला?"

मी लिहिलं, हाऊ ही फेल. टीचरनी सवयीने लाल पेन उचललं आणि गोल केला. चूक मला लगेच कळली. मी दुरुस्त केलं. हाऊ डिड ही फॉल. त्यांनी मान हलवली.

"त्याला शेवटचं कोणी पाहिलं?"

डिडची आता मला धास्तीच बसली होती. मी लिहिलं, हू डिड सी हिम लास्ट.

"नाही," टीचर म्हणाल्या. "इथं हू हाच कर्ता आहे. बघणारं माणूस आपण शोधतोय. जिथं कर्त्यालाच शोधायचं असतं तिथं डिड लागत नाही. हू सॉ हिम लास्ट. सरळ."

असे पाच प्रश्न झाले. तो नाहीसा झालाय हे केव्हा कळलं, तो कुठे उभा होता, किती वेळ शोधलं. मग माझ्या मनात आलं ते मी आपणहून लिहिलं. व्हाय डिड नोबडी सेव्ह हिम. त्याला कोणी वाचवलं का नाही. व्याकरण बरोबर होतं. मला वाटलं टीचर शाबासकी देतील. त्यांनी तो प्रश्न वाचला, डोळे मिटले, आणि मग त्यावर एक आडवी रेघ मारली.

"हा विचारायचा नाही," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न नाही, हा आरोप आहे. तिथंही कोणाची तरी पोरं आहेत. त्यांनी धडपड केली असेल. हे वाचलं तर घाबरतील, आणि घाबरलेलं माणूस बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरं देत नाही."

इनासकाका पायरीवर येऊन उभे राहिले होते. केव्हा आले ते आम्हाला कळलं नाही. टीचरनी त्यांना त्यांच्या बोलीत काय चाललंय ते सांगितलं. ते ऐकत होते, माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. मग खूप वेळाने, मला समजावं म्हणून असेल, ते शाळेतल्यासारख्या मराठीत म्हणाले, "माझा पण एक लिही. पाणी किती गार होतं?"

टीचरनी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्याला पोहायला येत होतं," काका मला म्हणाले. "मीच शिकवलं, इथं बावखलात. पाच वर्षांचा होता. पोहून तो थकणारा नव्हता. गारठा मात्र त्याला सोसायचा नाही. डिसेंबरात पाण्यात उतरला की ओठ निळे पडायचे. म्हणून विचार."

बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी साठवायला जुन्या लोकांनी खणलेलं. मी तिकडे पाहिलं नाही. मी लिहिलं, हाऊ कोल्ड वॉज द वॉटर. इथे डिड लागत नाही, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. टीचरनी लाल पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी पत्र स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवून काढलं, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी इनासकाका ते स्वतः जाऊन पोस्टात टाकून आले.

परीक्षेत तो प्रश्न आला. येणारच होता. वाक्य काय होतं ते आता आठवत नाही, कोणीतरी कुठंतरी जात होतं. बाहेर ऊन तापलं होतं, वर्गातला पंखा फिरत नव्हता, आणि मी रेघ मारलेल्या शब्दाकडे बघत बसले. उत्तर समोर छापलेलं होतं. मला ते फार विचित्र वाटलं, की ज्यांना उत्तर आधीच माहीत आहे ते आपल्याला प्रश्न करायला सांगतात. मग पर्यवेक्षक बाईंनी जवळ येऊन "तब्येत बरी आहे ना?" विचारलं आणि मी लिहायला लागले.

आता फळ्यासमोर उभी राहिले की कधी कधी वाटतं, हे मुलांना सांगावं. मग वाटतं, नको. त्यांच्या वयाला प्रश्न म्हणजे दोन गुण, तेवढेच असू देत. मात्र एखाद्याने घाईत व्हाय लिहिलं की मी त्याला विचारते, "तुला खरंच कारण हवंय, की तू रागावलायस?" वर्ग हसतो.

एजंटाचं उत्तर त्या वर्षी एप्रिलात आलं, ईस्टरच्या नंतर. एकच वाक्य. आपले पत्र संबंधितांकडे पाठवण्यात आले आहे. टीचरनी ते काकांना सांगितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. परीक्षा संपली होती, तरी मी जात राहिले. कधी काकांबरोबर अबोली खुडायची, कधी टीचरच्या कपाटातली जुनी पुस्तकं पुसून ठेवायची. डेनिसबद्दल कोणी बोलायचं नाही. एकदा मात्र टीचर म्हणाल्या, "तो पण हू आणि हूममध्ये चुकायचा," आणि स्वतःशीच थोड्या हसल्या.

मे महिन्याच्या अखेरीला एक जाड पाकीट आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता दापोलीकडचा. पोस्टमनने ते इनासकाकांच्या हातात दिलं. काकांनी नेहमीप्रमाणे हात पुसले, पाकीट टीचरच्या मांडीवर ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. मी बाकावर सुपारी निवडत होते. टीचरनी पाकीट फोडलं, पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि ते कागद काकांच्या पुढे केले.

काका गोंधळले. मग त्यांनी पाहिलं. पत्र मराठीत होतं.

ते पायरीवर बसले आणि वाचायला लागले. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, चौथीपर्यंत शिकलेलं माणूस वाचतं तसं. लिहिणारा सलीम नावाचा खलाशी होता, डेनिसच्याच जहाजावरचा, नुकताच सुट्टीवर घरी आलेला. कप्तानाने तुमचं पत्र जेवणाच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं, त्याने लिहिलं होतं. कंपनी काय कळवेल मला माहीत नाही. डेनिस माझ्याशी मराठीतच बोलायचा, म्हणून मराठीत लिहितो, चूकभूल माफ करा.

शेवटचं त्याला मीच पाहिलं. सकाळ होती, ऊन नुकतं वर आलं होतं. तो मागच्या डेकवर रंगाचा डबा घेऊन चालला होता. तासाभराने डबा तिथे होता, तो नव्हता. कसा पडला ते कोणीच पाहिलं नाही. मी खोटं सांगणार नाही. आम्ही जहाज वळवलं, होडी सोडली, दोन दिवस शोधलं. होडीत मी होतो.

इथे काका थांबले. पान उलटलं.

तुम्ही पाण्याचं विचारलंत. ते आमच्यात कोणाच्या मनात आलं नव्हतं. मी दोन्ही दिवस पाण्यात हात घातला आहे. पाणी गार नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी खाडीचं पाणी असतं ना, तसं होतं. कोमट.

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. ओठ हलत होते. टीचर त्यांच्याकडे बघत होत्या. काकांनी पत्र घडी करून बनियनच्या आत, छातीशी ठेवलं, उठले, आणि पंप चालू केला. केळीच्या आळ्यांत पाणी पडायला लागलं. पुष्कळ वेळाने टीचर आत गेल्या. त्यांचा हुंदका मी त्या वर्षात तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

निकाल लागला. इंग्रजीत मी पास झाले, बऱ्यापैकी गुणांनी. बाबांनी पापडीला पेढे नेले. अकरावीला प्रवेश घेतला, तरी जूनमध्ये टीचरची नवी बॅच सुरू झाली तेव्हा त्यांनी मला मदतीला बोलावलं. "तू खालच्या मुलांचा सराव घे," म्हणाल्या. सहा-सात नवी मुलं होती, काही गावातली, दोन आमच्या गोखिवऱ्याची. टीचरनी पहिल्याच दिवशी प्रश्नांचे शब्द शिकवले आणि म्हणाल्या, "आता प्रत्येकाने मला एक प्रश्न विचारायचा. इंग्रजीत."

कोणी नाव विचारलं, कोणी घर कुठे ते. गोखिवऱ्याची एक मुलगी, जिला या घरातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, उभी राहिली. पुस्तकातलाच प्रश्न तिने विचारला. "हाऊ मेनी चिल्ड्रन डू यू हॅव, टीचर?"

मी खाली बघितलं. गावातली मुलंही एकदम गप्प झाली. काहीतरी चुकलं असं त्या मुलीला वाटलं असावं, तिने घाईने प्रश्न मनात पुन्हा म्हणून पाहिला.

"बरोबर आहे तुझा प्रश्न," टीचर तिला म्हणाल्या. "अगदी बरोबर."

मग त्या क्षणभर थांबल्या. काळाच्या बाबतीत त्या किती काटेकोर होत्या हे मला माहीत होतं. हॅव आणि हॅडमधला फरक त्यांनी मला एक संपूर्ण दुपार घालून शिकवला होता.

"आय हॅव वन सन," त्या सावकाश, स्पष्ट उच्चारात म्हणाल्या. "हिज नेम इज डेनिस. आता हे वाक्य सगळ्यांनी वहीत लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही.